आर्लेचे पाऊल

तोरिलचा पहिला निरोप आला तेव्हा ओमायरा बलांता पांदेबोनोच्या पावांचे पीठ मळत होती. दोन्ही हात चीज आणि पिठाने माखलेले, म्हणून तिने कोपरानेच फोनवरचा निरोप सुरू केला. आधी बराच वेळ नुसता वारा ऐकू आला आणि मग एका बाईचा जाड, सावकाश आवाज.

"प्रिय आणि आदरणीय घरमालकीण. मी आहे तोरिल. मी येतो जानेवारीत. मी शिकतो स्पॅनिश, मी नाचतो साल्सा. माझे पाय आहेत लाकूड. मला क्षमा असावी."

ओमायराला हसू आवरेना. तिने तोच निरोप पुन्हा लावला आणि दारात चोंतादुरोच्या फळांचे घमेले उतरवून टेकलेल्या फळवाल्या निदियालाही ऐकवला.

"ही बाई की बाप्या?" निदियाने विचारले.

"बाई आहे गं. भाषा कच्ची, इतकंच."

"आणि लाकडाचं काय करणार?"

"भिजत घालू."

काली शहराच्या ओब्रेरो वस्तीत ओमायराला ओळखत नाही असा माणूस विरळा. तारुण्यात ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कारखाना बंद पडला, नवरा कामासाठी काराकासला गेला आणि तिकडचाच होऊन राहिला, तेव्हा तिने मागची खोली रंगवून घेतली आणि भाषाशाळेत जाऊन आपले नाव दिले. तेव्हापासून परदेशी माणसे तिच्याकडे उतरत. सकाळी शाळेत जात, दुपारी तिच्या टेबलाशी बसून भाताबरोबर क्रियापदे चावत आणि संध्याकाळी नाच शिकायला जात. कोणाला डाळ सोसत नाही, कोणाला घरची आठवण आली की अंगावर पुरळ उठते, हे ती एका नजरेत ओळखायची. त्यांची नावे मात्र तिला नीट घेता येत नसत, म्हणून ती सगळ्यांना सरसकट "पोरी" आणि "पोरा" म्हणे.

तोरिल तिच्याहून थोडीच लहान होती, तरी तिचीही पोरगीच झाली. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका प्रवासी बोटीत ती तिकिटे तपासत असे. डिसेंबरात तिची नोकरी संपणार होती आणि नोकरी संपल्यावर काय करायचे हे तिने कधीच ठरवून टाकले होते. बेत इतका बारकाईने चालला होता की ओमायराला कौतुक वाटे. डासांसाठी जाळी आणू का? पावसाचे बूट लागतील का? नाचाच्या बुटांचा तळ चामड्याचा हवा की रबराचा? एक दिवस तिने विचारले, "मी आणतो का माझी कॉफी?"

"कोलंबियाला येताना कॉफी!" निदिया घमेल्यावर हात मारून ओरडली. "तिला म्हणावं, येताना समुद्रही घेऊन ये बाटलीत."

"गप गं. भित्री आहे ती, म्हणून विचारते."

ओमायरा सगळ्या प्रश्नांना उत्तरे देई. मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तोरिल ते निरोप बोटीवर ऐके आणि तिची भाषा हळूहळू सुधारत जाई. ऑक्टोबरपर्यंत दोघींची अशी काही गट्टी जमली, की ओमायराने मागच्या खोलीला नवे पडदे शिवले आणि आपल्या नाचाच्या जोडीदारालाही सांगून ठेवले, "जानेवारीत माझी एक पोरगी येते आहे. रविवारी तिला आणीन. तिला दोन गाणी नाचव."

"नाचवू की," एवेलिओ म्हणाला होता. त्याने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. ते ओमायराला नंतर आठवले.

मग एकदा ओमायराने सहज विचारले, "पोरी, एवढ्या जगात तू कालीच का निवडलंस?"

तोरिलने उत्तरादाखल एक चित्रफीत पाठवली. सोबत तिचा आवाज होता, आनंदाने भरलेला. "हे पाऊल मी पाहिले, आणि मी रडलो. मी म्हणालो, मला हे पाऊल पाहिजे. हे गुरुजी जानेवारीत खास वर्ग घेणार. मी नाव दिले आहे!"

ओमायराने पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि चष्मा लावला. आरशांच्या भिंती असलेली एक लखलखीत खोली होती. मधोमध पांढरी टोपी घातलेला एवेलिओ होता. त्याच्यासोबत एक कोवळी, लवचीक मुलगी. गाणे सुरू झाले, दोघांची पावले भराभर चालली, आणि एकाएकी एवेलिओचा उजवा पाय निखळल्यासारखा झाला. तो आडवा कलंडला. मुलीने अर्धी गिरकी घेतली, कंबर त्याच्या कमरेखाली घातली, डावा हात पाठीमागून टाकून त्याला उचलले आणि पुन्हा तालावर फेकले.

मग एवेलिओ हसत हसत समोर बघून बोलला. "हे पाऊल माझं. तरुणपणी एकदा ओल्या फरशीवर घसरलो. पडता पडता सावरलो आणि म्हटलं, अरे, हे तर झकास दिसतं! तेव्हापासून याला एवेलिओची घसरण म्हणतात."

भट्टीतले पांदेबोनो करपल्याचा वास आला, तरी ओमायरा उठली नाही.

*

ते पाऊल आर्लेचे होते.

आर्ले तिचा धाकटा भाऊ. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा पाय वाळला. त्या काळी वस्तीत अंगणाअंगणात नाच होत, आणि ज्याला नाचता येत नाही त्याने तबकड्या लावायच्या असा रिवाज होता, म्हणून आर्लेकडे तबकड्या आल्या. तो खट्याळ होता. बाहेरून आलेली गाणी त्याला मंद वाटत. तो यंत्राचा वेग वाढवून ठेवी आणि लोक घामाघूम होऊन नाचत. साऱ्या शहरातच हे वेड होते. कालीचे पाय आजही इतरांहून जलद चालतात ते त्यामुळेच.

एका दुपारी तबकडी लावून आर्ले तिथे थांबलाच नाही. सरळ अंगणात आला आणि बहिणीचा हात धरला. त्याच वेगात तो नाचू लागला आणि मध्येच पाय लुळा पडला. ओमायराने विचार केला नाही. अर्धी गिरकी, कंबर, हात, आणि तो पुन्हा उभा. लोकांना वाटले, हे ठरवून केलेले पाऊल आहे. टाळ्या पडल्या. आर्ले लाल झाला, मग हसला आणि पुढच्या गाण्यात मुद्दाम पडला.

पुढे ते त्या दोघांचेच होऊन गेले. पडणे खरे की खोटे हे बघणाऱ्यांना कळत नसे. ते फक्त ओमायराच्या दंडाला कळे. खरोखर पडताना आर्लेचे अंग जड होई आणि त्यात किंचित भीती असे. त्या पावलाची वेळ आली की सारे अंगण ओरडे, "आर्ले!"

तिशी गाठायच्या आतच आर्ले छातीच्या आजाराने गेला. त्याचा एकुलता एक फोटो आहे तो खुर्चीत बसलेला. पाय त्यात दिसत नाहीत. तो कसा चालायचा, कसा उभा राहायचा, हे जगात कुठे उरले असेल तर त्या एका पावलात.

एवेलिओ न्हावी आर्लेचा मित्र. दुखवटा संपल्यावर तो ओमायराला म्हणाला, "चल, नाचू. नाहीतर तू वाळशील." तिने त्याला ते पाऊल आपल्या स्वयंपाकघरात शिकवले आणि अट घातली. नाचायचे फक्त तिच्याबरोबर, आणि कोणी विचारले तर सांगायचे, आर्लेचे आहे. एवेलिओने आईची शपथ घेतली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी, म्हाताऱ्यांच्या नाचाच्या दिवाणखान्यात, ज्याला इकडे बिएहोतेका म्हणतात, दोघे जोडीने नाचत आले. नवरा एक आणि नाचाचा जोडीदार दुसरा, यात ओब्रेरोत कोणाला वावगे वाटत नाही. एवेलिओची बायको अंपारो गुडघ्यांनी अधू. ती स्वतः ओमायरासाठी रश्शाचे भांडे पाठवी. आणि दिवाणखान्याचा नियम असा, की प्रत्येक जोडीचे एक खास पाऊल असते, ते दुसऱ्या कोणी उचलत नाही. भांडण असले तरी उचलत नाही. बाकी काहीही उसने मागावे, पाऊल नाही.

*

"निदिया," दुसऱ्या दिवशी ओमायराने विचारले, "तू ही चित्रफीत पाहिली आहेस?"

निदिया चोंतादुरो सोलत होती. तिने वर पाहिले नाही. एका फळाला मीठ लावायला तिला फार वेळ लागला.

"कोमाद्रे," ती म्हणाली. तिच्या थोरलीची ओमायरा धर्ममाता, म्हणून ती तिला तसे म्हणे. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"कधीपासून चाललंय?"

"पाहिलं होतं मी... मागच्या जत्रेच्या आधी."

"म्हणजे वर्ष होत आलं. आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"तुला सोडून कोणाला नाही ते विचार." निदियाने सुरी खाली ठेवली. "कोणी सांगायचं गं तुला? तू रविवारी अशी नटून येतेस. कुणाची जीभ उचलेल?"

"अंपारोला?"

"ती तर शूटिंगच्या दिवशी त्याची टोपी झटकत होती म्हणे." निदियाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हावीच तो. केसानं गळा कापला तुझा."

ओमायराने तो हात अलगद काढला. रागाने नव्हे. तिला त्या क्षणी कोणाचाच हात अंगावर नको होता. वर्षभर दर रविवारी ती ज्यांच्याशी हसली, ज्यांना बसायला जागा दिली, ज्यांच्या नातवंडांची चौकशी केली, ते सगळे हे मनात ठेवून तिच्याशी बोलत होते. एवेलिओने एकदा फसवले होते. बाकीच्यांनी दर आठवड्याला.

एवेलिओच्या दुकानात ती शनिवारी गेली. खुर्चीत किराणेवाला लठ्ठ नाबोर होता, तोंडाला फेस लावलेला. एवेलिओने आरशातूनच तिला पाहिले.

"ये ओमा, बस. ह्याचं होतच आलंय."

"मी बसायला नाही आले. तू कधी घसरलास रे, एवेलिओ? ओल्या फरशीवर?"

वस्तरा नाबोरच्या गालावर थांबला. नाबोरने डोळे घट्ट मिटून घेतले आणि झोपल्याचे सोंग आणले.

"पाहिलंस होय," एवेलिओ म्हणाला. "चांगलं घेतलंय ना त्यांनी? उजेड काय सुंदर आलाय."

"तू आईची शपथ घेतली होतीस."

"आई जाऊन किती वर्षं झाली, ओमा."

हे तो अगदी सरळपणे बोलला. तो वस्तरा पुसत पुढे बोलत राहिला. त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, गिऱ्हाइकाची मान वळवताना असतो तसा.

"पाऊल म्हणजे काय कुलपात ठेवायचं डबोलं आहे? तू गेलीस, मी गेलो, की संपलं. त्यापेक्षा चार देशांतले लोक नाचतील. तू नाही का त्यांना आपली भाषा शिकवत? आर्लेलासुद्धा आवडलं असतं."

"मग त्याचं नाव का नाही घेतलंस?"

एवेलिओने वस्तरा खाली ठेवला. "चित्रफीत काढणाऱ्या त्या नाचाच्या शिकवणीवाल्या पोरांनी सांगितलं, गोष्ट हसरी हवी. आता लंगडा मुलगा, मेलेला मुलगा... लोक सुट्टीवर येतात गं. सुट्टीत कोणाला रडायचं असतं?"

नाबोरने एक डोळा उघडला आणि लगेच मिटला.

"बरं झालं तू आलीस," एवेलिओने वस्तरा पुन्हा उचलला. "मी येणारच होतो तुझ्याकडे. त्या पोरीला सावरता येत नाही नीट. हात उशिरा घालते, माझी कंबर गेली. जानेवारीच्या वर्गाला तू ये ना शिकवायला. तुझ्यासारखं कोणाला जमतं?"

ओमायराने आरशात त्याचा चेहरा नीट पाहिला. त्यात लाज शोधली. ओशाळलेपण, निदान भीती तरी शोधली. तिथे एका भल्या माणसाचा चेहरा होता, जुन्या मैत्रिणीला काम मिळवून देणाऱ्याचा. तिने ठरवून ठेवलेली सगळी वाक्ये त्या चेहऱ्यापुढे वाया गेली. ती बाहेर पडली. मागून नाबोरचा आवाज आला, "अरे, रक्त आलं का बघ."

*

रविवारी ती गेली. न जाणे म्हणजे सगळे त्याला देऊन टाकणे, असे तिला वाटले. तिने निळा झगा घातला, केस बांधले आणि एक गोष्ट ठरवली. त्या पावलाची वेळ आली की हात पुढे करायचा नाही. पडू दे. घसरण म्हणतो ना, मग घसरू दे. घरी तिने हात झग्याला चिकटवून तशी गिरकी घेऊनही पाहिली होती.

डोंगरावरचा वारा नुकताच सुटला होता. दिवाणखान्याच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. एवेलिओ पांढरी टोपी घालून तिच्या टेबलापाशी आला आणि त्याने हात पुढे केला. सगळे बघत होते आणि कोणी बघत नसल्यासारखे करत होते. ती उठली.

पहिले गाणे बरे गेले. पायांना मनातले काही कळत नसते. दुसऱ्या गाण्यात तुतारी चढली, ती जागा जवळ आली आणि एवेलिओने तिच्याकडे बघून भुवई उडवली, नेहमीसारखी. मग तो कलंडला.

ओमायराच्या हाताने तिला विचारलेच नाही. अर्धी गिरकी, कंबर, आणि हात पाठीमागून जाऊन त्याला उचलून मोकळा झाला. त्या एका क्षणात त्याचे सारे वजन तिच्या दंडावर आले. निर्धास्त, सैल वजन. स्वतःच्या आरामखुर्चीत माणूस अंग टाकतो तसे. पडण्याची भीती त्यात कणभरही नव्हती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दाराशी उभ्या असलेल्या काही परदेशी मुलांनी फोन उंच धरले होते. कोणीतरी ओरडले, "वाहवा, एवेलिओ!"

"आर्ले" असे ओरडणारे म्हातारे एकेक करून गेले होते. जे उरले होते ते खाली बघत होते.

एवेलिओला वाटले, मिटले सगळे. तो तिच्या कानाशी म्हणाला, "बघ, हे त्या पोरीला जमत नाही." आणि दोघांसाठी लुलाडा सरबत आणायला गेला.

ओमायराने टेबलावरची आपली पर्स उचलली, पंखा उचलला आणि सबंध दिवाणखाना ओलांडून खिडकीजवळच्या विधवांच्या टेबलाशी गेली. ज्यांचे जोडीदार मेले किंवा सुटले त्या बायका तिथे बसतात. तिथे एकदा बसले की जुनी जोडी संपली. हे कोणाला सांगावे लागत नाही. गाणे चालू होते, तरी बोलणी थांबली. म्हाताऱ्या चेपाने काही न विचारता आपली खुर्ची सरकवली.

"ये," ती म्हणाली. "इथं वारा चांगला लागतो."

एवेलिओ दोन्ही हातांत दोन पेले घेऊन रिकाम्या टेबलाशी उभा राहिला. बराच वेळ त्याला कळेना, दुसरा पेला कुठे ठेवावा.

*

सोमवारी सकाळी ओमायराने निरोप न पाठवता तोरिलला फोनच केला. मागे बोटीचा भोंगा वाजत होता. ओमायराने सगळे सांगितले. आर्लेचा पाय, अंगण, शपथ, घसरण. सोप्या शब्दांत, थांबत थांबत, शिकवताना सांगते तसे. मध्ये दोनदा तोरिलने "हळू, हळू" म्हटले.

"मला फार वाईट वाटते," तोरिल म्हणाली. "फार सुंदर भाऊ. पण ओमायरा... मी वर्गाचे पैसे भरले. ते परत नाहीत. मी हे पाऊल वर्षभर स्वप्न पाहिले."

ती म्हणेल, मग मी शिकणार नाही, अशी आशा आपण धरून बसलो होतो हे ओमायराला तेव्हा कळले. त्या थंड देशातल्या, कधी न पाहिलेल्या बाईकडून. निदियाकडून धरली नव्हती, अंपारोकडून नव्हती, हिच्याकडून धरली. तिने डोळे पुसले. फोनवर ते दिसत नाही हे एक बरे.

"खोली आहे ना माझी?" तोरिलने घाबरत विचारले.

"आहे, पोरी. पडदेसुद्धा लावलेत."

"मी काय करू? तू सांग."

ओमायराने फोन दुसऱ्या कानाला लावला. "पाऊल शिकायचं तर शीक. पण ज्या दिवशी तो घसरण्याची गोष्ट सांगेल, त्या दिवशी सगळ्या वर्गात उभी राहा आणि एक वाक्य बोल. आत्ता माझ्यामागून म्हण. हे पाऊल आर्ले बलांताचं आहे."

"हे पाऊल आहे... आर्लो बलांता."

"बलांताचं."

"बलांताचं. गुरुजी रागावतील?"

"रागावेल. तू नवखी आहेस, तुला सगळं माफ. म्हण."

भोंगा पुन्हा वाजला. कोणीतरी तोरिलला तिकडे हाका मारत होते. तिने त्यांच्या भाषेत काहीतरी उत्तर दिले, मग फोन तोंडाजवळ धरून, परीक्षेला बसल्यासारखी, सबंध वाक्य एका दमात म्हटले. त्यात आता एकच चूक होती.

"आर्ले," ओमायरा म्हणाली. "आर्लो नव्हे. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, पोरी, नाव तेवढं नीट घे."